जुना पॉवर टिलर आणि आपली खाचरे

खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये आपली उंबरमाळी. इथली खाचरे लहान. एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. मोठा ट्रॅक्टर तिथे वळत नाही. बांध तरी मोडतो, नाही तर स्वतः रुततो. बैलजोडी पोसणे पुष्कळांना जमत नाही. म्हणून पॉवर टिलर आला. दोन चाकांचा, मागून चालत हाकायचा.

हे यंत्र जपानातल्या लहान भातशेतीत रुळले. आपल्याकडे बंगळूरची व्ही. एस. टी. कंपनी १९६७ साली निघाली. तिने जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या साहाय्याने टिलर बनवले. केरळात कामको कंपनी १९७३ साली निघाली. तीही टिलर बनवते.

नवा टिलर महाग. आम्ही चार घरांनी मिळून जुना घेतला. पहिल्याच पावसाळ्यात आमची फजिती झाली, ती सांगतो.

रोज सकाळी इंजिनातले ऑईल पाहायचे, एवढे आम्हाला ठाऊक होते. एक दिवस टिलर उतारावर उभा होता. आम्ही तिथेच ऑईलची काडी काढून पाहिली. काडी भरलेली दिसली. खरे म्हणजे ऑईल एका बाजूला जमले होते. आत ते कमीच होते. दुपारी इंजिन जाम झाले. मेस्त्री मिळेपर्यंत आणि सामान येईपर्यंत बारा दिवस गेले. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे असताना लावावे. आमचे रोप त्याच्या पुढे गेले. जून रोपाला फुटवे कमी येतात. त्या साली आमच्या खळ्यावर भात कमीच आले.

तेव्हा ऑईल पाहायचे ते असे. टिलर सपाट जागी उभा करा. इंजिन बंद हवे. काडी काढा, फडक्याने पुसा, परत घाला आणि मग पाहा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेशी असेल तर भरा. वरच्या खुणेच्या वर भरू नका.

दुसरी गोष्ट हवेची. इंजिन हवा ओढते, तिच्याबरोबर धूळही जाते. ती अडवायला गाळणी असते. जुन्या टिलरच्या गाळणीत खाली वाटीभर ऑईल असते. भात झोडायच्या यंत्राला टिलरचा पट्टा लावला, की भुसा फार उडतो. त्या दिवसांत गाळणी रोज उघडा. आतले ऑईल चिखलासारखे झाले असेल तर बदला.

डिझेल फडक्यातून गाळून टाका. टाकी कोरडी पडू देऊ नका. कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग हँडल मारून मारून माणूस दमतो. अशा वेळी डिझेलच्या वाटेवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की घट्ट करा. आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटे आले, तर गुंडाळलेला अंगठा मोडतो.

आता चिखलणी. खाचरात रबरी चाके फसतात. तिथे लोखंडी पिंजऱ्याची चाके लावावीत. मागच्या पात्यांत काही डावीकडे वाकलेली, काही उजवीकडे. त्यांची अदलाबदल झाली तर जमीन एका बाजूला ढकलली जाते. म्हणून काढताना खडूने खूण करा. नवी पाती लावल्यावर तासाभराने बोल्ट पुन्हा आवळा.

पात्यांत गवत, पेंढा अडकतो. तो काढायला हात घालण्याआधी इंजिन बंद करा. नुसता क्लच दाबून भागायचे नाही. आणि पाती फिरत असताना टिलर मागे घेऊ नका. मागे तुमचेच पाय असतात. जुन्या टिलरमध्ये हे अडवणारा खटका झिजलेला असू शकतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

सर्वांत मोठा धोका उताराचा. दोन्ही मुठींजवळ वळण्याचे खटके असतात. सपाटीवर डावा दाबला की टिलर डावीकडे वळतो. कारण डाव्या चाकाची ओढ तुटते. पण उतारावर उलटे होते, बरं का! सुटलेले डावे चाक आपल्या वजनाने पुढे धावते. उजव्या चाकाला इंजिन धरून ठेवते. मग टिलर उजवीकडे जातो. माणूस घाबरून खटका आणखी दाबतो, आणि टिलर खालच्या खाचरात पडतो. कधी माणसाच्या अंगावर येतो. म्हणून उतारावर खटके दाबू नका. मुठी हाताने ढकलून वळवा. पहिला गिअर टाका. क्लच सोडवून, गिअर मोकळा करून घरंगळत जाऊ नका. बांध ओलांडायचा तर तो उकरून उतार करा आणि सरळ जा, तिरके नको. पाती तेव्हा बंद ठेवा.

ट्रॉलीतून शेणखत न्या, भारे न्या. वऱ्हाड नेऊ नका.

लावणी आटोपली की टिलर कित्येकदा महिनोन्‌महिने पडून राहतो. गंज तेव्हाच धरतो. चिखल धुऊन काढा. पात्यांना जुने ऑईल चोपडा. इंजिनातले ऑईल तेव्हाच बदला. टाकी डिझेलने भरून ठेवा. रिकाम्या टाकीत ओल धरते आणि पाणी होते. चाक हाताने फिरवून जिथे जड लागते तिथे थांबवा. त्या जागी इंजिनाच्या झडपा मिटलेल्या असतात, आत ओल जात नाही. टायर जमिनीवर टेकू नयेत म्हणून खाली ओंडके द्या. धुराच्या नळीवर डबा पालथा घाला. आमच्या टिलरच्या गाळणीत एकदा उंदराने पिले घातली होती. म्हणून जूनमध्ये हँडल मारण्याआधी गाळणी उघडून पाहा.