सोनोग्राफीच्या पडद्यावरचं पोट

सोनोग्राफीच्या खोलीत दिवे मालवलेले आहेत. मामा उताणे पडलेत, शर्ट छातीपर्यंत वर सरकवलेला. पित्ताशय भरलेलं दिसावं म्हणून रात्रीपासून उपाशी आहेत. डॉक्टरबाई पोटावर गार जेल लावतात आणि उजव्या बरगडीखाली प्रोब दाबून धरतात.

"श्वास घ्या काका, धरून ठेवा."

पडद्यावर करडे थर हलतात. बाई मला बोटानं दाखवतात : हे गडद दिसतंय ते मूत्रपिंड, शेजारचं पांढुरकं ते यकृत. निरोगी माणसात दोघांची छटा जवळपास सारखी असते. इथला फरक मलाही कळतो. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या कडाही पुसट झाल्यात.

"फॅटी लिव्हर, ग्रेड २," बाई म्हणतात. मदतनीस मुलगी टाइप करते.

"मॅडम, मी आयुष्यात दारूला शिवलो नाही हो!" मामांचा आवाज कापतो.

"न पिणाऱ्यांनाही होतं, काका. वाढलेल्या वजनाबरोबर यकृतातही चरबी साचते. मग सूज येते, आणि काहींच्या बाबतीत पुढे सिरॉसिसही होतो. आता डाव्या कुशीवर वळा."

मामा वळतात. पित्ताशयाच्या काळ्या पिशवीतला ठळक पांढरा ठिपका घरंगळतो, मागे त्याची काळी सावली. खडा आहे. स्थूलपणात यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, त्याचेच असे खडे होतात.

"रात्री जळजळ होते?"

"रोजच. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतो."

"गोळीनं आम्ल कमी होतं. पण पोटाच्या घेराचा जठरावरचा दाब तसाच राहतो, आणि जठरातलं सगळं वर अन्ननलिकेत येतं. वजन किती?"

"९२."

"सात ते नऊ किलो उतरवा, यकृताची सूज ओसरायला लागेल. पण सावकाश. झटपट उतरवलंत तर आणखी खडे होतील."

मामा जेल पुसतात आणि शर्टाची बटणं लावतात. खात्यापित्या घरचा माणूस म्हणून आम्ही सगळ्यांनी या ढेरीचं वर्षानुवर्षं कौतुक केलंय. यकृत, पित्ताशय, अन्ननलिका : तिघांचं दुखणं तिच्याशीच येऊन भिडतंय.

भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे गेली की धोका वाढतो. आजच घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कंबरेला टेप लावा. आकडा पुढे गेला असेल तर पोट दुखायची वाट पाहू नका. फॅटी लिव्हर बहुतेकदा दुखतच नाही.