कात्री मुलाच्या हातात, जबाबदारी अक्काची

गोळ्यांची पट्टी कापण्यालाही शिस्त असते. बॅच नंबर आणि मुदत बहुतेक पट्ट्यांवर एका टोकाला छापलेली असते. दहातल्या चारच गोळ्या हव्या असल्या तर कात्री दुसऱ्या टोकाने चालवायची; छापील टोक दुकानात राहतं आणि उरलेल्या सहा गोळ्यांची ओळख पुसत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती येतो तो तुकडा मात्र कोरा. त्याचा बॅच नंबर फक्त बिलावर असतो, आणि बिल आपण पायरी उतरता उतरता चुरगळून टाकतो.

बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या एका मेडिकलमध्ये ही कात्री चालवणाऱ्या मुलाला पट्टीकडे बघावंही लागत नाही. फार्मसीचं शिक्षण त्याने घेतलेलं नाही. त्याच्या मागे, औषधांच्या फ्रिजशेजारी, पांढऱ्या कोटातली फार्मासिस्ट उभी असते. ती निपाणीकडची, डी.फार्म. बेळगावात केलेलं, माझं मराठी ऐकलं की ‘बसा की हो काका’ म्हणत स्टूल पुढे सरकवते. मुलगा तिला अक्का म्हणतो. त्या स्टुलावरून दुकानाचा कारभार चांगला दिसतो.

दुपारी डिस्ट्रिब्युटरची खोकी येतात. आधी उघडायचं ते इन्सुलिन. थर्माकोलच्या डब्यातून आलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये गेलं की मग बाकीचा माल. मुलगा एकेक पाकीट बिलाशी ताडून बघतो: नाव, ताकद, बॅच, मुदत, एमआरपी, नग. थायरॉइडच्या गोळ्यांच्या बाटल्या २५, ५०, ७५, ८८, १०० मायक्रोग्रॅम अशा येतात. त्या एकमेकींत मिसळल्या की संध्याकाळी घोळ ठरलेला. कॉम्प्युटरवर नोंद झाली की माल कप्प्यांत जातो, जुना पुढे आणि नवा मागे. मुदत संपत आलेली पाकिटं परत पाठवायच्या खोक्यात. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण इथे झालेली चूक पुढे फार्मासिस्टच्या हातून कुणाच्या तरी घरी जाते.

सातनंतर रस्ता तुंबतो तशी दुकानाची पायरीही. इब्लूरच्या चौकातून सुटलेले, दोड्डकन्नेल्लीतल्या विप्रोच्या आवारातून निघालेले, आजूबाजूच्या सोसायट्यांतले आजी-आजोबा, पाठीवर पिशवी अडकवलेली डिलिव्हरीची पोरं. कन्नड, हिंदी, तेलुगू, बंगाली, सगळं एकाच वेळी कानावर येतं. कुणी कागद देतं, कुणी मोबाइलवरचा फोटो पुढे करतं. मुलगा चिठ्ठी वाचून माल काढतो, ट्रेमध्ये ठेवतो आणि ट्रे अक्काकडे सरकवतो. ती चिठ्ठी आणि पट्टी शेजारीशेजारी धरून बघते.

एकदा ट्रेमध्ये ग्लायकोमेट जीपी २ आलं, चिठ्ठीवर जीपी १ होतं. दोन्हींत मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. फरक ग्लिमेपिराइडचा, एकात एक मिलिग्रॅम आणि दुसऱ्यात दोन. दुप्पट डोस गेला तर उतारवयातला माणूस रात्री साखर उतरून बेशुद्ध पडू शकतो. अक्काने न बोलता पट्टी मागे दिली, मुलाने बदलून आणली. मुलगा निष्काळजी होता असं मला वाटलं नाही. नावांचा गोंधळ शिकलेल्यांचाही होतो: अमेरिकेत आम्लपित्तावरचं लोसेक आणि लघवी वाढवणारं लासिक्स यांची इतकी गल्लत व्हायची की १९९० मध्ये लोसेकचं नाव बदलून प्रिलोसेक करावं लागलं. चूक पकडायला दुसरे डोळे लागतात, एवढंच.

ट्रे तपासणं हे तिचं अर्धं काम. संधिवाताच्या बाईंची मेथोट्रेक्सेटची पट्टी आली की अक्का पट्टी हातात ठेवूनच विचारते, कोणत्या वारी घेता? ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. हा प्रश्न मुलाने विचारलेला तिला चालत नाही. उत्तर चुकीचं आलं तर पुढे काय बोलायचं, डॉक्टरांना फोन कधी लावायचा, हे त्याला ठाऊक नाही. पण तो प्रश्न विचारता विचारता तिला क्यूआर कोड पुढे करावा लागतो, सुट्टे द्यावे लागतात, पिशवी भरावी लागते. शिकलेल्या माणसाचा वेळ गल्ल्यावर जातो आणि न शिकलेल्याचा औषध निवडण्यात. सगळी विसंगती इथे आहे.

कायद्याला या मुलाविषयी काय म्हणायचं आहे, ते नीट कळत नाही. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी बनवायचं नाही आणि द्यायचंही नाही. औषध नियमावली १९४५ चा नियम ६५ म्हणतो, फार्मासिस्टने द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. त्या ‘किंवा’च्या जागेत देशभरातली मेडिकलची पोरं उभी आहेत. त्यांनी काय करावं, काय करू नये, किती शिकलेलं असावं, कुठेच लिहिलेलं नाही. कौशल्य विकासाच्या योजनांत ‘फार्मसी असिस्टंट’चा अभ्यासक्रम आहे, पण तो केलेल्याला फार्मसी कायद्याच्या नोंदवहीत जागा नाही.

ब्रिटनमध्ये जुलै २०११ पासून फार्मसी टेक्निशियनला नोंदणी सक्तीची आहे, आणि जून २०२४ पासून ठरवून दिलेल्या लेखी निर्देशांच्या चौकटीत तो काही औषधं स्वतः देऊ शकतो. अमेरिकेत आयडाहो राज्याने २०१७ मध्ये टेक्निशियनला फार्मासिस्टच्या देखरेखीखाली लस टोचायला परवानगी दिली. आपल्याकडेही असं काम वाटून देणं अगदीच परकं नाही. औषध नियमावलीच्या शेड्यूल ‘के’मध्ये सरकारी आरोग्य कार्यक्रमांतली औषधं एएनएम आणि अंगणवाडी सेविकांनी देण्याला सवलत आहे. म्हणजे गावातल्या सेविकेवर सरकार विश्वास टाकतं. सर्जापूर रोडवर, फार्मासिस्टच्या हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या मुलाबद्दल मात्र गप्प राहतं.

माझ्या मते मालाची तपासणी, फ्रिजच्या तापमानाची नोंद, चिठ्ठीप्रमाणे माल काढणं, शेड्यूल एच-१ च्या औषधांचं रजिस्टर लिहिणं, ही कामं परीक्षा घेऊन, नोंदणी करून अशा मुलांकडे उघडपणे सोपवावीत. एच-१ चं रजिस्टर मार्च २०१४ पासून सक्तीचं आहे: डॉक्टर, रुग्ण, औषध, नग लिहायचे आणि तीन वर्षं जपायचे. प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, झोपेच्या गोळ्या यांच्या त्या नोंदी घाईच्या वेळी अक्का स्वतः लिहीत बसते तेव्हा समोरच्या आजोबांना समजावायचं राहून जातं. चिठ्ठीचा अर्थ लावणं, रुग्णाशी बोलणं आणि प्रसंगी ‘हे औषध मी देणार नाही’ म्हणणं मात्र तिच्याकडेच राहावं.

अडचण ‘देखरेख’ या अटीत आहे. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच, हे चित्र कुठल्याच राज्याला नवं नाही. महाराष्ट्रात महेश झगडे २०११ ते २०१४ या काळात अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त होते. फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर त्यांनी कारवाई सुरू केली, तेव्हा केमिस्टांच्या संघटनांनी बंद पुकारले होते. फार्मासिस्ट पुरेसे नाहीत, हा त्यांचा एक मुद्दा होता. तो पूर्ण खोटा नव्हता, पण दुकानांचे परवाने तर फार्मासिस्टच्या नावावरच निघालेले होते.

मुलाला मी विचारलं, डी.फार्म. का करत नाहीस? त्याची पीयूसी, म्हणजे बारावी, कॉमर्सची. डी.फार्म.ला बारावी सायन्स लागतं, वर दोन वर्षं पूर्ण वेळ कॉलेज आणि ५०० तासांचं प्रशिक्षण. नोकरी सोडून ते त्याला जमणार नाही. १९४८ च्या कायद्याने पहिली नोंदवही उघडली तेव्हा दवाखान्यात पाच वर्षं औषधं बनवलेल्या कंपाउंडरलाही तिच्यात जागा होती. ते दार नंतर बंद झालं. तसं व्हायलाच हवं होतं, पण त्याच्या शेजारी दुसरं छोटं दार कुणी काढलं नाही.

अक्काला हे पटतं, पण ती मालकाकडे बघून बोलते. मुलाची परीक्षा घ्या, त्याला बिल्ला द्या, पगार वाढवा, तिची हरकत नाही. मात्र बिल्ल्याचा अर्थ ‘ती नसली तरी दुकान चालेल’ असा होणार असेल, तर मालक पहिला पगार तिचाच वाचवेल, हे तिला आतापासून दिसतं आहे.