गाझियाबाद ते नेहरू स्टेडियम

मार्च 2015 मध्ये गाझियाबादला राष्ट्रीय पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा भरली. देशभरातून आलेल्या दिव्यांग खेळाडूंची सोय केली होती एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. पाण्याचे हाल, व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह नाही, कित्येकांना जमिनीवर झोपावं लागलेलं. पायांत बळ नसलेले खेळाडू सरपटत पुढे जाताहेत, हे देशाने बातम्यांत पाहिलं. पुढच्याच महिन्यात क्रीडा मंत्रालयाने भारतीय पॅरालिम्पिक समितीची मान्यता निलंबित केली. आंतरराष्ट्रीय समितीनेही तेच पाऊल उचललं. गुन्हा आयोजकांचा होता. टांगणीला लागलं ते खेळाडूंचं भवितव्य.

निलंबन उठलं आणि 2016 मध्ये रिओला 19 जणांचं पथक गेलं. त्यांनी 4 पदकं आणली. गोळाफेकीत रौप्य मिळवणाऱ्या दीपा मलिक पॅरालिम्पिक पदक जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. भालाफेकीत देवेंद्र झाझरियाने 2004 च्या अथेन्सनंतर दुसऱ्यांदा सुवर्ण जिंकलं. पुढचे आकडे सर्वांना माहीत आहेत: टोकियोत 19 पदकं, पॅरिसमध्ये 29. पण या दहा वर्षांतली सर्वांत मोठी घटना कोणती, असं विचाराल तर मी पदकांकडे बोट दाखवणार नाही. 2020 मध्ये दीपा मलिक समितीच्या अध्यक्ष झाल्या आणि 2024 मध्ये झाझरिया. ज्यांनी स्वतः व्हीलचेअरवरून किंवा एका हाताने मैदान गाजवलं, त्यांच्या हाती कारभार आला. दार किती रुंद हवं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

दिल्लीत याच काळात स्पर्धांची रीघ लागली. डिसेंबर 2023 मध्ये पहिल्या खेलो इंडिया पॅरा गेम्स झाल्या, मार्च 2025 मध्ये दुसऱ्या. त्याच महिन्यात जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्सची ग्रां प्री स्पर्धा झाली. आणि 27 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर 2025 या काळात, 1982 च्या आशियाडसाठी उभारलेल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, जागतिक अजिंक्यपद भरलं. दोहा, दुबई आणि कोबेनंतर हा मान मिळवणारं दिल्ली आशियातलं चौथं शहर. नवी मोंडो धावपट्टी, शंभराच्या आसपास देश, 186 पदकप्रकार.

भालाफेकीतली एक लढत मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी. गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांचा गट एफ 64; पायात दोष आहे, पण कृत्रिम पाय नाही, त्यांचा एफ 44. पॅरालिम्पिकमध्ये दोन्ही गट एकत्र खेळतात. त्यामुळे पॅरिसला महाराष्ट्राचा संदीप सरगर आणि त्याचा नामबंधू संदीप चौधरी दोघेही एफ 64 च्या सुमीत अंतिलच्या स्पर्धेत होते आणि पदकाविना परतले. दिल्लीत एफ 44 ची स्पर्धा स्वतंत्र झाली. सरगरने 62.82 मीटर भाला फेकला, चौधरीने 62.67. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात अंतर अवघं 15 सेंटीमीटर! एफ 64 मध्ये सोनीपतजवळच्या खेवड्याच्या सुमीतने 71.37 मीटरसह सलग तिसरं जागतिक सुवर्ण घेतलं. त्याचा पाय गेला तो अपघात 2015 चाच.

सुरुंगस्फोटात पाय गमावलेला जवान सोमन राणा गोळाफेकीत रौप्य घेऊन गेला. त्याच्या पाठीशी आहे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधलं लष्कराचं पॅरालिम्पिक केंद्र. 1965 च्या युद्धात जखमी झालेल्या, 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून देणाऱ्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांच्या वेळी असं केंद्र नव्हतं. पद्मश्री मिळायला त्यांना 2018 उजाडावं लागलं.

स्पर्धा संपली तेव्हा भारताच्या नावावर 22 पदकं होती: 6 सुवर्ण, 9 रौप्य, 7 कांस्य. कोबेत 17 होती. पण यजमानपणाला गालबोटही लागलं. स्टेडियमच्या आवारात केनिया आणि जपानच्या प्रशिक्षकांना भटके कुत्रे चावले, तेव्हा मान खाली गेली. जगाला घरी बोलावताना एवढी साधी काळजी घेता येऊ नये?

पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर 2025 मध्ये, हे स्टेडियम पाडून 102 एकरांवर क्रीडानगरी उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. नव्याने घातलेली धावपट्टी त्यात जाईल, याची हळहळ वाटते. तरीही तसं होणारच असेल, तर आराखडा करणाऱ्यांच्या बैठकीत पॅरा खेळाडूंना पहिल्या दिवसापासून बसवा. उतार, उद्वाहनं, निवासाच्या खोल्या, स्वच्छतागृहं आणि सरावाच्या वेळा यांवर त्यांची सही असल्याशिवाय एकही नकाशा मंजूर करू नका. आणि हाच नियम गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबादच्या प्रत्येक सार्वजनिक क्रीडासंकुलाला आजपासून लावा. तिथे रोज सराव करू पाहणारी मुलं क्रीडानगरी उभी राहीपर्यंत का थांबतील?