मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं गाव

रस्ता टेशला संपतो

झेरमाटला स्वतःच्या गाडीनं जाता येत नाही. स्वित्झर्लंडच्या वालिस राज्यात ऱ्होन नदीचं रुंद खोरं सोडून दक्षिणेकडे वळलं की दरी अरुंद होत जाते. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात आणि झेरमाटच्या पाच किलोमीटर अलीकडे, टेश नावाच्या गावात, पाहुण्यांच्या गाड्यांना थांबावं लागतं. तिथं दोन हजारांहून जास्त गाड्या मावतील असा झाकलेला वाहनतळ आहे. गाडी तिथं लावायची, सामान उचलायचं आणि रेल्वेत बसायचं. बारा मिनिटांत झेरमाट येतं. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून माथेरानमध्ये शिरणाऱ्यांना ही रीत समजावून सांगायला नको.

स्टेशन समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. बाहेर पडल्यावर डोंगर लगेच दिसतोच असं नाही. गावाच्या मुख्य रस्त्यानं चालत चर्चपर्यंत जायचं, तिथून नदीच्या पुलावर यायचं, आणि मग घरांच्या उतरत्या छपरांवर एकट्यानं उभा राहिलेला ४,४७८ मीटरचा सुळका समोर येतो. आल्प्समध्ये याहून उंच शिखरं आहेत. झेरमाटच्याच परिसरातलं मोंटे रोझाचं डुफूर शिखर ४,६३४ मीटर आहे. पण ते भोवतालच्या शिखरांच्या गर्दीत मिसळून जातं. मॅटरहॉर्न कोणाच्या खांद्याला खांदा लावत नाही, म्हणून तो एकदा पाहिला की विसरत नाही.

वर आफ्रिका, खाली समुद्र

या आकारामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगर कशाचा बनला ही एक, आणि तो कसा कोरला गेला ही दुसरी.

युरोप आणि आफ्रिकेच्या बाजूचं भूखंड यांच्यामध्ये एके काळी टेथिस महासागराचा एक फाटा होता. दोन्ही भूखंडं जवळ सरकली, मधला समुद्र मिटला आणि त्याच्या तळाचे खडक चिरडून, घड्या पडून वर आले. मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी आज तेच समुद्रतळाचे खडक सापडतात. त्यांच्यावर आफ्रिकेच्या बाजूनं सरकत आलेली खडकांची प्रचंड थप्पी बसली आहे आणि शिखराचा वरचा भाग तिच्यातून घडला आहे. त्यामुळे माथ्यावर उभा राहणारा गिर्यारोहक भूशास्त्राच्या हिशेबानं आफ्रिकेच्या काठावर उभा असतो. हिमालयाच्या जन्मकथेतही टेथिस हेच नाव येतं. इतक्या लांबच्या दोन पर्वतांचं हे नातं मला कुठल्याही दंतकथेपेक्षा अद्भुत वाटतं.

चार बाजू कापल्यासारखा आकार मात्र हिमनद्यांनी दिला. डोंगराच्या प्रत्येक अंगाला बर्फ साचत गेला, त्यानं मागचा कडा पोखरला, आणि चहूबाजूंनी कुरतडलं गेल्यावर मध्ये चार भिंती आणि चार धारा एवढंच उरलं. भिंती जवळजवळ चार मुख्य दिशांकडे तोंड करून आहेत. इटलीच्या बाजूनं याच डोंगराला चेर्विनो म्हणतात.

कुरणावरची वस्ती

झेरमाट या नावाचा अर्थच कुरणाशी जोडलेला आहे. ‘मात’ म्हणजे कुरण, आणि ‘झेर’ म्हणजे त्याच्यापाशी. दोनशे वर्षांपूर्वी इथं मेंढ्या, शेळ्या, गाई, डोंगरउतारावरची राय नावाच्या धान्याची छोटी शेतं आणि लांबलचक हिवाळा एवढंच होतं. ३,३०० मीटर उंचीच्या थिओडूल खिंडीतून इटलीशी ये-जा चालायची. त्या खिंडीत रोमन नाणी सापडली आहेत, म्हणजे ती वाट फार जुनी.

गावाच्या जुन्या भागात त्या काळची घरं अजून उभी आहेत. ती लार्च वृक्षाच्या लाकडाची आहेत. उन्हानं आणि लाकडातल्या राळेनं ती शतकानुशतकं काळवंडत गेली, पण कुजली नाहीत. त्यांतली धान्याची कोठारं पाहण्यासारखी आहेत. कोठार जमिनीवर न टेकवता लाकडी पायांवर उचललेलं, आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखा गोल, सपाट दगड. उंदीर पायावरून चढतो, पण बाहेर आलेल्या दगडाच्या खालून उलटं चालत जाणं त्याला जमत नाही. वर्षाचं रायचं पीक एवढ्या एका दगडाच्या भरवशावर सुरक्षित असायचं. रायची काळपट, कडक भाकर आजही वालिसची ओळख आहे. ती महिनोन्‌महिने टिकावी अशीच भाजायची पद्धत होती, कारण भट्टी वर्षात मोजक्याच वेळा पेटायची.

१४ जुलै १८६५

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज प्रवासी आल्प्समध्ये येऊ लागले, आणि एकेक शिखर सर होत गेलं. मॅटरहॉर्न शिल्लक राहिला. एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा लाकडी ठसे कोरणारा चित्रकार, वय २५. त्यानं इटलीच्या बाजूनं अनेकदा प्रयत्न केले होते आणि प्रत्येक वेळी तो परत फिरला होता. १८६५ च्या जुलैमध्ये त्याला कळलं की त्याचा जुना सोबती, इटालियन वाटाड्या जाँ-अंतॉन कारेल, दुसऱ्या तुकडीबरोबर निघाला आहे. व्हिंपर घाईनं थिओडूल खिंड ओलांडून झेरमाटला आला आणि मिळतील त्यांना घेऊन त्यानं तुकडी उभी केली.

ते सात जण होते. व्हिंपर, पाद्री चार्ल्स हडसन, १८ वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, १९ वर्षांचा अननुभवी डग्लस हॅडो, शामोनीचा निष्णात वाटाड्या मिशेल क्रो, आणि झेरमाटचे पीटर टाउगवाल्डर नावाचेच बाप-लेक. खालून अशक्य वाटणारी ईशान्येची ह्योर्नली धार प्रत्यक्षात त्यांना बरीच सोपी गेली. १४ जुलैच्या दुपारी ते माथ्यावर होते.

उतरताना हॅडोचा पाय घसरला. तो पुढच्या क्रोवर आदळला, दोघांच्या हिसक्यानं हडसन ओढला गेला, त्याच्यामागे डग्लस. थोरल्या टाउगवाल्डरनं खडकाला मिठी मारली आणि त्याच्या व डग्लसच्या मधला दोर तुटला. चौघं उत्तरेच्या भिंतीवरून हजार मीटरहून अधिक खाली हिमनदीवर कोसळले. तिघांचे देह सापडले. डग्लसचा आजतागायत सापडलेला नाही.

तुटलेला दोर तुकडीकडच्या दोरांमधला सर्वांत कच्चा होता. झेरमाटमध्ये चौकशी झाली आणि टाउगवाल्डर निर्दोष ठरला, पण त्यानंच दोर कापला अशी कुजबुज थांबली नाही. तो काही काळ अमेरिकेत निघून गेला. इतिहासात व्हिंपरचं नाव ठळक राहिलं. त्याला सुखरूप खाली आणणाऱ्या गावच्या माणसाच्या वाट्याला संशय आला, आणि या साऱ्या प्रकरणात मला हाच सर्वांत मोठा अन्याय वाटतो. दोराचा तुकडा आज गावच्या संग्रहालयात काचेमागे आहे. करंगळीपेक्षा फार जाड नसलेला तो दोर पाहिला की आणखी पुराव्याची गरज उरत नाही.

अपघाताची बातमी युरोपभर पसरली आणि लोक डोंगर बघायला आले. झेरमाटचं नाव झालं ते त्या चार मृत्यूंनी. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत मॅटरहॉर्नवर पाचशेहून जास्त माणसं दगावली आहेत. चर्चशेजारच्या दफनभूमीत त्यांतल्या अनेकांच्या कबरी आहेत. २०१५ मध्ये पहिल्या चढाईला दीडशे वर्षं झाली, तेव्हा १४ जुलैला गावानं डोंगर चढाईसाठी बंद ठेवला.

गाइडची पहाट

आजही बहुतेक जण ह्योर्नली धारेनंच चढतात. ३,२६० मीटरवरच्या विश्रामगृहात रात्री मुक्काम असतो. नूतनीकरणानंतर तिथल्या खाटा १३० वर आणल्या आणि आसपास तंबू ठोकायला बंदी घातली, म्हणजे गर्दी आपोआप आवरली. पहाटे अंधारातच दार उघडतं आणि आधी झेरमाटचे गाइड आपापल्या पाहुण्याला घेऊन बाहेर पडतात. एका गाइडमागे एकच पाहुणा, कारण दोघांच्या मधल्या दोरावर तिसऱ्याचा भार चालत नाही. वाटेत ४,००३ मीटरवर खडकाला चिकटलेलं एक छोटं लाकडी घर आहे, ते फक्त संकटात सापडलेल्यांसाठी.

या गाइडांमधलं सर्वांत लाडकं नाव उलरिख इंडरबिनेन यांचं. त्यांचा जन्म १९०० चा. मॅटरहॉर्न त्यांनी ३७० हून जास्त वेळा चढला, शेवटचा नव्वदाव्या वर्षी. २००४ मध्ये, १०३ वर्षांचं आयुष्य जगून ते गेले. गावात त्यांच्या नावाचा पाण्याचा हौद आहे.

झाइलर आणि गावकी

पाहुणे येऊ लागले, पण उतरायचे कुठे? आधी पाद्रीबाबांच्या घरी, मग गावच्या डॉक्टरांच्या छोट्या खानावळीत. ती खानावळ १८५० च्या दशकात अलेक्झांडर झाइलर यांनी घेतली. ते वालिसच्याच दुसऱ्या खोऱ्यातले, साबण बनवण्याचा धंदा शिकलेले. त्यांनी तिचं ‘मोंटे रोझा’ हॉटेल केलं. व्हिंपरची तुकडी तिथूनच निघाली होती. पुढे झाइलर यांची अनेक हॉटेलं झाली आणि गावाला रोजगार मिळाला.

तरीही गावानं त्यांना आपलं म्हटलं नाही. झेरमाटमध्ये मूळ घराण्यांची एक गावकी आहे. जंगल, कुरणं, पाणी यांची सामायिक मालकी तिची, आणि तिचं सभासदत्व वंशपरंपरेनं येतं. झाइलर यांनी १८७१ मध्ये अर्ज केला. गावकीनं नाकारला. वाद वरच्या सरकारी पायऱ्या चढत गेला आणि १८८९ मध्ये कुठं त्यांना हक्क मिळाला. दोन वर्षांनी ते वारले. खालून येणारी रेल्वे झेरमाटला पोहोचली तीही त्याच वर्षी, १८९१ मध्ये.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. परक्या माणसानं सगळं ताब्यात घेऊ नये म्हणून गावकीनं स्वतःच हॉटेल बांधलं. शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी उभारलेलं ‘झेरमाटरहोफ’ १८७९ मध्ये उघडलं आणि ते आजही गावकीच्या मालकीचं आहे. डोंगरावरची काही हॉटेलं आणि उपाहारगृहंही तिचीच. जगातल्या कितीतरी सुंदर गावांत जमीन बाहेरच्यांकडे गेली आणि गावकरी तिथं नोकर झाले. झेरमाटमध्ये तसं घडलं नाही, याचं श्रेय या हट्टी गावकीला द्यावं लागतं. झाइलर यांच्यावरचा अन्याय त्यामुळे लहान होत नाही.

धुराला बंदी

गावात मोटारी नकोत हा निर्णयही वरून लादलेला नाही. टेशपासून सर्वांसाठी रस्ता खुला करायचा का, हा प्रश्न १९७२ आणि पुन्हा १९८६ मध्ये मतदानाला आला. दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं.

आज गावात सुमारे ५०० विजेवरची वाहनं धावतात. ती पेटीसारखी चौकोनी, अरुंद आणि हळू असतात, आणि बरीचशी गावातच बनतात. तीही वाटेल त्याला घेता येत नाहीत. हॉटेल, दुकान, टॅक्सी, बांधकाम असं कामाचं कारण दाखवावं लागतं. धूर नसल्यानं हवा स्वच्छ राहते हे तर झालंच. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की रस्त्यात उभं राहून गप्पा मारण्याचा हक्क माणसांकडे राहिला.

डोंगरावर जायलाही विजेचीच सोय आहे. गोर्नरग्राट या कड्यावर जाणारी दातेरी रुळांची गाडी १८९८ पासून विजेवर चालते आणि अर्ध्या तासात ३,०८९ मीटरवर नेते. क्लाइन मॅटरहॉर्न या दुसऱ्या शिखरावरचं सुमारे ३,८२० मीटर उंचीचं रोपवेचं स्टेशन युरोपात सर्वांत उंच आहे. २०२३ पासून तिथून तारेवरूनच इटलीत उतरता येतं.

पाणी, बर्फ आणि विस्कटलेली सीमा

१९६३ च्या मार्चमध्ये, ऐन स्कीच्या हंगामात, गावाच्या पिण्याच्या पाण्यातून टायफॉइड पसरला. चारशेहून जास्त जण आजारी पडले, तीन दगावले, आणि परत गेलेल्या पाहुण्यांबरोबर आजार इतर देशांत पोहोचला. हॉटेलं बंद करावी लागली, लष्कराला बोलावलं गेलं. हॉटेलं झपाट्यानं वाढली होती, पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था मागे राहिली होती. थंड हवेच्या कुठल्याही ठिकाणाच्या नगरपालिकेनं हे प्रकरण वाचावं असं आहे.

आताचं संकट वरून येतं आहे. खडकांच्या भेगांमधला कायमचा बर्फ भिंती सांधून ठेवतो, आणि तो सैल होतो आहे. २००३ च्या कडक उन्हाळ्यात ह्योर्नली धारेवर दरड कोसळली आणि अडकलेल्या कित्येक डझन गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरनं उचलून आणावं लागलं. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत मिळून सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. थिओडूल भागात स्वित्झर्लंड आणि इटलीची सीमा पाणलोटाच्या रेषेवरून जाते. बर्फ वितळला, पाणलोट सरकला, आणि इटलीतलं एक विश्रामगृह अर्धंअधिक स्वित्झर्लंडमध्ये आलं. दोन देशांनी नवी रेषा ठरवली आणि २०२४ मध्ये स्वित्झर्लंडनं तिला मान्यता दिली.

याच थिओडूल भागातल्या हिमनदीवर विश्वचषकाच्या स्की शर्यती भरवायचं ठरलं होतं. २०२२ मध्ये पुरेसा बर्फ नव्हता, २०२३ मध्ये हवामान आडवं आलं. मार्ग तयार करण्यासाठी हिमनदीवर यंत्रं चालवल्याची छायाचित्रं प्रसिद्ध झाली तेव्हा देशभर संताप उसळला. पुढे शर्यती वेळापत्रकातून गेल्या. मोटारींना दोनदा नाही म्हणणाऱ्या गावानं इथं आधीच थांबायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

संकटात या डोंगरानं दिलासाही दिला आहे. एप्रिल २०२० मध्ये, करोनामुळे सगळं जग घरात बसलेलं असताना, एका स्विस प्रकाशकलाकारानं रोज रात्री मॅटरहॉर्नवर वेगवेगळ्या देशांचे ध्वज उजळले. एका रात्री त्या भिंतीवर तिरंगा होता. तेव्हा फोनवर आलेलं ते छायाचित्र अनेकांच्या आठवणीत असेल.

पहाटेची गाडी

झेरमाटचे कायमचे रहिवासी सहा हजारांच्या आतबाहेर आहेत, हंगामात त्यांच्या कितीतरी पट पाहुणे असतात. खोल्या झाडणारे, स्वयंपाक करणारे, बर्फ उपसणारे हात मोठ्या प्रमाणात बाहेरचे आहेत, त्यांत पोर्तुगीज विशेष. २०१२ च्या देशव्यापी मतदानानं गावागावातल्या सुट्टीपुरत्या घरांवर वीस टक्क्यांची मर्यादा आली, तरी झेरमाटमध्ये कामगाराला परवडेल असं घर मिळणं कठीणच. म्हणून पुष्कळ जण टेशमध्ये आणि त्याच्याही खालच्या गावांत राहतात, आणि पाहुणे झोपेत असताना पहिल्या गाडीनं कामावर येतात.