हजार वाव खोल : ‘स्पिरिटेड अवे’चा मागोवा

२० जुलै २००१ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या, हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ या ॲनिमेशनपटाच्या यशाचा हिशेब मांडणे सोपे आहे : २००२ मध्ये बर्लिन महोत्सवात विभागून मिळालेले ‘सुवर्ण अस्वल’, २००३ मध्ये ऑस्कर, मायदेशी ३० अब्ज येनहून अधिक उत्पन्न आणि २०२०च्या अखेरीस ‘डीमन स्लेअर’ने मोडेपर्यंत अबाधित राहिलेला तेथील तिकीटबारीचा उच्चांक. परंतु पारितोषिके मिळवलेले कितीतरी चित्रपट दशकभरात विस्मरणात जातात. त्यामुळे चिहिरो नावाची दहा वर्षांची एक मुलगी देवांच्या स्नानगृहात कामाला लागते, एवढ्याच कथानकाचा हा चित्रपट आजही का पाहिला जातो, याचे उत्तर या हिशेबाबाहेर शोधावे लागते.

मूळ शीर्षकातला ‘कामिकाकुशी’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. ‘कामी’ म्हणजे देव अथवा दैवी शक्ती. आणि गावातले मूल अचानक नाहीसे झाले की त्याला कामींनी दडवले, असे म्हणण्याची जुनी लोकसमजूत या शब्दात आहे. वाटसरूला रानात रात्रभर फिरवत ठेवणारा कोकणातला चकवा हा तिचा लांबचा नातेवाईक म्हणता येईल. फरक इतकाच, की चकव्यातून सुटायला पहाट पुरते, चिहिरोला मात्र नोकरी धरावी लागते. आईवडील अधाशीपणाने देवांचे अन्न खाऊन डुक्कर झालेले असतात, आणि जो काम मागणार नाही त्याला येथे थारा नाही, असा या जगाचा नियम असतो.

नोकरीच्या करारावर मुलगी सही करते तेव्हा स्नानगृहाची मालकीण युबाबा तिच्या नावातली अक्षरे कागदावरून मुठीत उचलून घेते आणि एकच चित्राक्षर मागे ठेवते. ‘चिहिरो’ या नावातले पहिले अक्षर ‘हजार’चे असून दुसरे खोली मोजण्याच्या मापाचे, म्हणजे आपल्याकडच्या वावेसारख्या मापाचे आहे; ‘हजार वाव’ म्हणजे अथांग. दुसरे अक्षर गेल्यावर उरते ते ‘सेन’, म्हणजे नुसते ‘हजार’, कामगाराच्या बिल्ल्यावर शोभेल असा निव्वळ आकडा. रोजीरोटीसाठी माणसाची खोली कशी काढून घेतली जाते, हे याहून कमी शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल.

चित्रपट पडद्यावर आला तेव्हा जपान ‘बुडबुडा अर्थव्यवस्थे’च्या, म्हणजे १९८०च्या दशकात जमिनी व समभागांच्या किमती वारेमाप फुगून नंतर कोसळल्या त्या काळाच्या, पडझडीतून सावरत होता. सुरुवातीचे ओसाड बांधकाम पाहून चिहिरोचे वडील म्हणतात, की अशी मनोरंजन उद्याने १९९०च्या सुमारास जागोजागी उभी राहिली आणि पुढे बुडाली; त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाला हे वाक्य पुरेसे बोलके होते. आज तो संदर्भ ठाऊक नसलेला प्रेक्षकही, वडील ‘क्रेडिट कार्ड आहे, रोकड आहे’ असे सांगत बेवारस ताटांवर तुटून पडतात तेव्हा अस्वस्थ होतो, कारण ती हाव कोणत्याही एका मंदीपुरती मर्यादित नाही.

नदीच्या प्रसंगाचेही तसेच आहे. दुर्गंधीचा चालता ढिगारा असा एक पाहुणा येतो. त्याच्या वाटेतला भातही नासतो, आणि त्याला न्हाऊ घालण्याचे काम नव्या मुलीच्या गळ्यात पडते. चिखलात चाचपडताना तिला त्याच्या कुशीत काहीतरी रुतलेले लागते, दोर बांधून सगळे ते ओढतात, तेव्हा आधी सायकल बाहेर येते आणि मागोमाग माणसांनी नदीत टाकलेल्या भंगाराचा लोंढा. पाहुणा वास्तविक नदीचा देव असतो. मियाझाकी यांनी स्वतः एका नदीच्या सफाईत भाग घेतला होता आणि तेथे खरोखरच सायकल निघाली होती. म्हणूनच बहुधा हा प्रसंग उपदेशासारखा न वाटता मेहनतीच्या कामासारखा वाटतो. चिहिरोचा सोबती हाकू हाही बुजवलेल्या, वर इमारती उभ्या राहिलेल्या नदीचाच देव निघतो.

उत्तरार्धाची वीण सैल आहे, हे मान्य करायला हवे. चोरलेल्या शिक्क्याचे उपकथानक घाईने गुंडाळलेले वाटते. मात्र त्याच सैलपणात पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीचा प्रवास आहे, ज्यात सावल्यांसारखे प्रवासी चढतात, उतरतात आणि बाकी काहीच घडत नाही. अशा रिकाम्या अवकाशाला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात. ही संकल्पना समजावताना मियाझाकी यांनी टाळ्या वाजवून दोन टाळ्यांमधल्या शांततेकडे लक्ष वेधले होते. या सैलपणाने प्रेक्षक मात्र दुरावले नाहीत : २०१९ मध्ये, म्हणजे तब्बल १८ वर्षांनी, हा चित्रपट चीनच्या चित्रपटगृहांत लागला आणि त्याच आठवड्यातल्या नव्या ‘टॉय स्टोरी ४’ला त्याने मागे टाकले; २०२२ मध्ये टोकियोत ‘स्पिरिटेड अवे’चे नाट्यरूपही रंगमंचावर आले.

या कथेत कोणी खलनायक मरत नाही आणि युबाबाचे स्नानगृह जसे होते तसे चालू राहते. चिहिरो बोगद्यातून परतते तेव्हा आईवडिलांना काहीच आठवत नसते, मोटारीवर पालापाचोळा आणि धूळ साचलेली असते, आणि युबाबाच्या बहिणीच्या घरी सवंगड्यांनी कातलेल्या सुताचा बंद तिच्या केसांत क्षणभर चमकतो.