मोटारीच्या काचेचा खटका भिजला असतां

पावसाळ्यांत मोटारीची काच उघडी राहिली, तर दाराच्या आंतल्या अंगास, हात टेकण्याच्या जागेवर बसविलेले खटके सर्वांत आधीं भिजतात. खटका दाबला असतां काच खालीं जाते व उचलला असतां वर चढते, हें लहान मुलांसहि ठाऊक असतें. पूर्वी हेंच काम दांडा फिरवून करावें लागे. १९४० सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें तेलाच्या दाबावर चालणाऱ्या काचा बसविल्या. पुढें तेलाची जागा विजेच्या छोट्या मोटरनें घेतली. ही सोय बिघडली म्हणजे केवळ गैरसोय होते, असें मात्र नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरांत सांपडलेल्या मोटारींतून बाहेर पडतां न आल्यामुळें कित्येक माणसें आंतच मृत्यु पावलीं.

दाराच्या पोकळींत बारा व्होल्टवर चालणारी मोटर असते व तिला दोन तारा असतात. खटका स्वस्थ असतां पुष्कळ गाड्यांत या दोन्ही तारा बॅटरीच्या ऋण टोकाशीं जोडलेल्या असतात. खटका दाबला कीं एक तार धन टोकास लागते व मोटर एका बाजूस फिरते. उचलला कीं दुसरी तार लागते व मोटर उलट फिरते. ही अदलाबदल खटक्याच्या पोटांतील तांब्याच्या बारीक पट्ट्या करतात. म्हणून काच उतरते पण चढत नाहीं, असें झालें तर मोटरीस दोष देण्यापूर्वीं खटका पाहावा. सर्वच काचा एकदम थांबल्या, तर आधीं फ्यूज पाहावा. शिवाय इतर दारांच्या तारा बहुधा चालकाजवळील मुख्य खटक्यांतून जातात. त्यामुळें दोष चालकाच्या दारांत असतो, आणि बिचारें मागलें दार मात्र उकललें जातें!

आतां पाणी नेमकें काय बिघडवितें? नुसतें पाणी वाळून जातें. मागें राहतात ते त्यांतील क्षार व माती. गाडीची किल्ली चालू असतां खटक्यांतील एका पट्टीवर धन दाब कायम उभा असतो. अशा वेळीं दोन पट्ट्यांमध्यें पाणी सांचलें, तर त्यांतून अल्प प्रवाह वाहतो व तांबें विरघळूं लागतें. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक कळकतें, हें आपल्या घरांतील वडील मंडळी जाणतात. त्याच जातीचा हिरवट जंगाल येथें धरतो, आणि तो विजेस वाट देत नाहीं. समुद्राचें खारें पाणी तर हें काम फार झपाट्यानें करतें. यास्तव भिजलेला खटका पुन्हां पुन्हां दाबून पाहूं नये. किल्ली बंद करावी. गाडीभोंवतीं पाणी चढत असेल तेव्हां मात्र नियम अगदीं उलटा: खटका चालतो आहे तोंवरच काच उतरवावी व बाहेर पडावें.

दुरुस्ती वडिलांच्या देखरेखीखालीं करावी. बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडून कांहीं मिनिटें थांबावें, कारण कित्येक दारांत अपघाताच्या वेळीं फुगणारी हवेची पिशवी असते. खटक्याची चौकट लांकडी वा प्लास्टिकच्या पाचरीनें हलकेच उचलावी. लोखंडी हत्यारानें ओरखडे उठतात. तारांचा जोड त्याची कडी दाबून सोडवावा, तारा ओढून नव्हे. खटका पांढऱ्या फडक्यावर उघडावा, कारण आंतील चिमुकल्या स्प्रिंगा उडून हरवतात. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश यांनीं पुसाव्या. जंगाल हट्टी असेल तरच अत्यंत बारीक पॉलिश पेपर एकदोनदां फिरवावा; अधिक घासल्यास वरचा मुलामा जातो. चिंच-मीठ लावून तांबें लखलखीत करण्याची घरगुती रीत येथें घातक होय: राहिलेलें मीठ व आम्ल पुन्हां तोच रोग आणतात. पट्टी जळून खड्डा पडला असेल, तर नवा खटका आणावा हें बरें.

पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटरनें पाहावें: दाबल्यावर व उचलल्यावर योग्य पट्ट्या जुळतात कीं नाहींत, हें लगेच कळतें. अलीकडील पुष्कळ गाड्यांत खटका मोटरीस प्रवाह देत नाहीं, तर संगणकास केवळ संकेत देतो; तेथें ही परीक्षा जाणत्या कारागिराकडे सोंपवावी. बॅटरी पुन्हां जोडल्यावर एका झटक्यांत वर जाणारी काच कधीं कधीं अर्ध्यावर थांबते. हा नवा बिघाड नव्हे. काच पूर्ण वर नेऊन खटका कांहीं सेकंद तसाच उचलून धरला, म्हणजे बऱ्याच गाड्यांस काचेची वरची मर्यादा पुन्हां कळते.