जिन्न आणि ‘गैब’
मराठीत ‘जिन्न’साठी ‘भूत’ वा ‘पिशाच’ हे प्रतिशब्द योजले जातात; ते दिशाभूल करणारे आहेत. भूत हा मृताचा अवशेष होय. जिन्न ही स्वतंत्रपणे निर्मिलेली जात आहे. कुराणानुसार तिची उत्पत्ती अग्नीपासून झाली (५५:१५) आणि उपासना हे मानवाप्रमाणेच तिचेही प्रयोजन आहे (५१:५६).

अरबी ज-न-न धातूत आच्छादनाचा भाव असून ‘मजनून’ हा शब्दही त्यातूनच आला. कवीला जिन्नाकडून प्रेरणा मिळते, अशी इस्लामपूर्व अरबांची समजूत होती. म्हणूनच पैगंबरांना ‘मजनून’ ठरविणाऱ्या विरोधकांचे कुराण खंडन करते. मात्र ते जिन्नांचे अस्तित्व नाकारीत नाही. नाकारते ते त्यांचे ‘गैब’चे, म्हणजे इंद्रियातीताचे, ज्ञान. सुलेमान मरण पावले तरी त्यांच्यासाठी राबणाऱ्या जिन्नांना ते कळले नाही. कीटकाने काठी पोखरून देह कोसळला, तेव्हाच ते उमगले (३४:१४). जे स्वतः अदृश्य, तेही अदृश्याविषयी अज्ञच. या भेदामुळे काव्यप्रेरणा आणि ईश्वरी प्रकटीकरण यांचे स्रोत पृथक् ठरतात. ‘भूत’ या प्रतिशब्दात नेमका हाच भेद लोपतो.